सर्व्हर रॅकमधून बाहेर ओढण्याआधी: हार्डवेअर आणि फर्मवेअरच्या देखभालीची, बिघाड शोधण्याची रीत

सर्व्हरच्या पुढचा दिवा पिवळा झाला की बहुतेकांचा हात आधी पॉवर बटणाकडे जातो. रीस्टार्ट केल्यावर मशीन उभं राहतं, दिवाही कधी कधी विझतो आणि तीन आठवड्यांनी रात्री दोन वाजता तेच मशीन पुन्हा बसतं. दरम्यान ऑपरेटिंग सिस्टिमचे शेवटचे संदेश आणि रेड कंट्रोलरची (अनेक डिस्क एकत्र बांधून चालवणाऱ्या कार्डाची) त्या क्षणाची अवस्था पुसली गेलेली असते. पंखे तेव्हा किती वेगाने फिरत होते, तेही आता कळणार नसतं. म्हणून या लेखात स्क्रू ड्रायव्हर बराच उशिरा येतो.

## आधी बीएमसीला विचारा

प्रत्येक एंटरप्राइझ सर्व्हरच्या मदरबोर्डवर बीएमसी नावाचा एक छोटा स्वतंत्र संगणक असतो. त्याचा प्रोसेसर, मेमरी आणि बहुतेक वेळा नेटवर्क पोर्टही वेगळा असतो. मुख्य मशीन बंद असलं तरी केबलमधून स्टँडबाय वीज येत असेपर्यंत तो जागाच असतो. डेलमध्ये त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीईमध्ये आयएलओ, लेनोवोमध्ये एक्सक्लॅरिटी कंट्रोलर. त्याच्याशी बोलायची जुनी भाषा आयपीएमआय. ती १९९८ मध्ये आली आणि तिची दुसरी आवृत्ती २००४ मध्ये. २०१५ पासून रेडफिश आहे. ते वेबच्या पद्धतीने चालतं, त्यामुळे स्क्रिप्ट लिहायला खूप सोपं जातं.

बिघाडाची तक्रार आली की बीएमसीत लॉगिन करून सिस्टिम इव्हेंट लॉग, सेन्सरची सगळी रीडिंग आणि फर्मवेअरच्या (हार्डवेअरच्या आतच बसलेल्या सॉफ्टवेअरच्या) आवृत्त्यांची यादी उतरवून घ्या. त्यानंतर कंपनीचा सपोर्ट बंडल काढा. डेलमध्ये ते सपोर्टअसिस्ट कलेक्शन, एचपीईमध्ये एएचएस लॉग, लेनोवोमध्ये एफएफडीसी. ऑपरेटिंग सिस्टिम अजून श्वास घेत असेल तर तिचेही लॉग घ्या. लिनक्सवर डी-मेसेज आणि जर्नल, व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयवर व्हीएम-सपोर्ट. रेड कंट्रोलरचा लॉग वेगळा मागावा लागतो आणि घाईत नेमका तोच विसरला जातो.

इव्हेंट लॉग या टप्प्यावर क्लिअर करू नका. यादी स्वच्छ दिसावी म्हणून आधी सगळं पुसणारे आणि मग कंपनीकडे केस लॉग करणारे मी पाहिलेत. समोरचा इंजिनिअर पहिल्यांदा तोच लॉग मागतो.

या लॉगच्या दोन खोड्या आहेत. त्याची जागा ठरावीक असते. काही मशीनवर तो भरला की नवीन नोंदी घेणंच थांबवतो, म्हणजे शेवटची नोंद मागच्या वर्षीची दिसते आणि मशीन निरोगी असल्याचा भास होतो. दुसरी खोडी घड्याळाची. बीएमसीची वेळ बऱ्याचदा यूटीसीत असते, कधी एनटीपीशी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवणाऱ्या सेवेशी, जोडलेलीच नसते. नोंदींपुढे १९७० सालची तारीख किंवा 'प्री-इनिट' दिसलं तर त्या नोंदीच्या वेळी घड्याळ लागलेलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. ऑपरेटिंग सिस्टिमच्या लॉगशी ताळा घालण्याआधी दोन्ही घड्याळांतला फरक कागदावर लिहा.

मग लॉग वरून नाही, सर्वांत जुन्या नोंदीपासून वाचा. एकदा मला चाळीसेक ओळींचा लॉग आला होता. पंखा गेला, रिडंडन्सी (एक भाग गेला तरी दुसऱ्यावर निभावण्याची सोय) गेली, तापमान वाढलं, डिस्क दिसेना, सिस्टिम बंद. पाठवणाऱ्याने शेवटची ओळ धरून डिस्क मागवली होती. सर्वांत जुनी ओळ होती पहिल्या पॉवर सप्लायचा एसी इनपुट गेल्याची आणि चार सेकंदांनी दुसऱ्याचाही. दोन्ही केबल एकाच पीडीयूत (रॅकमधल्या वीजवाटपाच्या पट्टीत) लावल्या होत्या आणि त्या पीडीयूचा ब्रेकर पडला होता. डिस्क ठणठणीत होती.

## वीज आणि हवा

दोन पॉवर सप्लाय असले की रिडंडन्सी आली, असं नाही. समजा दोन्ही ७५० वॅटचे आहेत आणि मशीन पूर्ण भाराला ८२० वॅट ओढतं. एक गेला की दुसऱ्याला ते पेलत नाही. मग मशीन एक तर प्रोसेसरचा वेग पाडतं किंवा सरळ बंद होतं. बीएमसीत आजवरचा सर्वोच्च वीजवापर दिसतो. तो आकडा एका सप्लायच्या क्षमतेपेक्षा कमी आहे ना, एवढं बघा. वेगळ्या वॅटेजचे सप्लाय मिसळू नका.

केबल कुठे जातात ते डोळ्यांनी बघा, रॅकच्या नकाशावर विसंबू नका. ए फीडची केबल ए पीडीयूत आणि बीची बीत. मेंटेनन्स विंडो असेल तेव्हा एक केबल काढा, दोन मिनिटं थांबा, परत लावा, दिवा हिरवा झाल्यावर दुसरी काढा. ही चाचणी करायला लोक घाबरतात. पण ठरवलेल्या वेळी बंद पडलेलं मशीन भर कामात बंद पडलेल्यापेक्षा परवडतं.

हवेबद्दल थोडक्यात. अ‍ॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे सर्व्हरच्या तोंडाशी शिरणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी. खोलीच्या एसीवर दिसणारा आकडा धरू नका, बीएमसीतला इनलेट सेन्सर बघा. रिकाम्या जागी ब्लँकिंग पॅनल लावा, नाहीतर मागची गरम हवा त्या भोकातून पुढे येते. झाकण काढून मशीन चालू ठेवणं म्हणजे त्याला गारवा देणं नव्हे. झाकण आणि आतला प्लास्टिकचा एअर श्राउड मिळूनच हवेला डिमवरून (मेमरीच्या पट्ट्यांवरून) आणि हीटसिंकमधून वाट देतात. श्राउड नसेल तर पंखे जीव खाऊन फिरतात आणि डिम तरीही तापतात.

## मेमरी: चूक कोणाच्या मागे जाते?

ईसीसी मेमरी एका बिटची चूक स्वतः दुरुस्त करते आणि दोन बिटांची ओळखते. पहिली करेक्टेबल, दुसरी अनकरेक्टेबल, आणि तिच्याने मशीन कोसळू शकतं. गूगलच्या सर्व्हरवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त डिमवर करेक्टेबल चूक आढळली होती. तेव्हा वर्षात एखादी अशी चूक दिसली म्हणून डिम फेकायचं कारण नाही. एकाच डिमवर चुका वाढत चालल्या की लक्ष घालायचं. लिनक्सवर रासडीमन चालू ठेवलात तर स्लॉटनिहाय मोजणी आयती मिळते.

आता करायचं काय? आधी बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फर्मवेअरच्या, रिलीझ नोट्स वाचा. मेमरी ट्रेनिंगमधल्या (सुरू होताना मेमरीशी सिग्नल जुळवून घेण्यातल्या) सुधारणा बायोसमधूनच येतात आणि 'वारंवार करेक्टेबल एरर' ही तक्रार कधी कधी नुसत्या अपडेटने मिटते. मग लॉगमध्ये पोस्ट पॅकेज रिपेअरचा उल्लेख आहे का ते बघा. नव्या पिढ्यांच्या डिममध्ये खराब ओळ बाद करून राखीव ओळ जोडायची सोय असते आणि ती दुरुस्ती पुढच्या रीबूटला होते. तशी नोंद असेल तर डिम हलवण्याआधी तो रीबूट होऊ द्या.

तरीही चुका येत राहिल्या तर अदलाबदल. समजा ए३ स्लॉटवर चुका आहेत. मशीन बंद करा, दोन्ही केबल काढा, मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधा आणि ए३ मधलं डिम दुसऱ्या प्रोसेसरच्या बी३ मधल्या त्याच जातीच्या डिमशी बदला. फक्त ही एक जोडी, दुसरं काहीही नाही. मोबाइलवर दोन फोटो काढा, डिमवरचे सीरियल दिसतील असे. मशीन त्याच भाराखाली चालवा.

चूक बी३ वर गेली तर डिम खराब आणि काम सोपं. ए३ वरच राहिली तर डिम निर्दोष. आता संशय स्लॉटवर, प्रोसेसरच्या सॉकेटवर किंवा प्रोसेसरवर, कारण मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो. आणि कुठेच आली नाही, तर तेही उत्तरच आहे: डिम नीट बसलेलं नव्हतं, काढून घातल्याने संपर्क सुधारला. तसं लिहून ठेवा आणि महिनाभर लक्ष ठेवा.

अख्खा चॅनेलच गायब झाला असेल, म्हणजे दोन चांगली डिम एकदम दिसेनाशी झाली असतील, तर मी सरळ हीटसिंककडे जातो. स्क्रू कमी-जास्त आवळले गेले की प्रोसेसरवर दाब सारखा पडत नाही आणि काही पिना टेकत नाहीत. हीटसिंकच्या लेबलवर स्क्रूंचा क्रम आणि टॉर्क छापलेला असतो. सॉकेट उघडलंच तर टॉर्चचा उजेड तिरपा पाडून पिनांच्या रांगा बघा. वाकलेली पिन त्या रांगेत वेगळी चमकते. तिला सुईने सरळ करायच्या भानगडीत पडू नका, वॉरंटी असेल तर मुळीच नको.

## डिस्क ओढण्याआधी

रेड ५ मधली (एकच डिस्क गेली तर निभावणाऱ्या रचनेतली) एक डिस्क गेली होती. सहकाऱ्याने लॉगमध्ये 'स्लॉट ३' वाचलं, डावीकडून तीन मोजले आणि डिस्क ओढली. त्या मशीनवर मोजणी शून्यापासून सुरू होत होती. त्याने निरोगी डिस्क ओढली आणि डिग्रेडेड असलेला व्हॉल्यूम जागेवर मेला. तेव्हापासून माझा नियम असा: आधी कंट्रोलरमधून त्या डिस्कचा लोकेट दिवा लुकलुकवायचा, कॅडीवरचा (डिस्कच्या चौकटीवरचा) सीरियल लॉगशी जुळवायचा आणि मगच हात लावायचा. फिरती डिस्क असेल तर इंचभर बाहेर ओढून अर्धा मिनिट थांबा, तबकडी थांबू द्या.

नवी डिस्क घालण्याआधी उरलेल्या डिस्कचं बघा. रेड ५ ची रिबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभा करणं, म्हणजेच उरलेल्या प्रत्येक डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचणं. त्यातल्या एकीवर मीडिया एरर वाढलेल्या असतील तर रिबिल्ड अर्ध्यातच अडकू शकते. अशा वेळी आधी बॅकअप, मग डिस्क. स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत) बघायचे क्रमांक म्हणजे ५, १८७, १९७ आणि १९८. सॅस डिस्कवर ग्रोन डिफेक्ट लिस्ट. एनव्हीएमईवर मीडिया एरर, अव्हेलेबल स्पेअर आणि परसेंटेज यूज्ड. हा शेवटचा आकडा शंभराच्या पुढेही जातो. म्हणजे ड्राइव्ह लगेच मेला असं नाही, पण बदलीची ऑर्डर तोवर गेलेली असावी. पॅट्रोल रीड आणि कन्सिस्टन्सी चेक वेळापत्रकात चालू ठेवा, म्हणजे कुजलेले सेक्टर रिबिल्डच्या दिवशी पहिल्यांदा भेटणार नाहीत.

कंट्रोलर बदलला किंवा डिस्क दुसऱ्या मशीनमध्ये नेल्या की 'फॉरेन कॉन्फिगरेशन' असा संदेश येतो आणि इम्पोर्ट व क्लिअर असे दोन पर्याय मिळतात. क्लिअर म्हणजे त्या डिस्कवरची रेडची माहिती पुसणं. डेटा हवा असेल तर तिकडे जाऊ नका. आधी प्रिव्ह्यूमध्ये व्हॉल्यूम पुरा दिसतोय का बघा, मग इम्पोर्ट करा.

डेटाबेस अचानक मंदावला आणि डिस्क सगळ्या हिरव्या, अशी तक्रार आली तर रेड कंट्रोलरच्या कॅशची बॅटरी बघा. बॅटरी किंवा सुपरकपॅसिटर दमला की कंट्रोलर राइट-बॅक (आधी कॅशमध्ये, मग डिस्कवर) सोडून राइट-थ्रूवर (थेट डिस्कवर) जातो. डेटा सुरक्षित राहतो पण लिहिण्याचा वेग कोसळतो. वेग परत मिळावा म्हणून बॅटरी नसताना राइट-बॅक जबरदस्तीने लादता येतं. लादू नका.

## मशीन पोस्टच होत नाही

पोस्ट म्हणजे सुरू होताना मशीन स्वतःची करतं ती तपासणी. ती पुरी होत नसेल तर दोन्ही केबल काढा, पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, थोडं थांबा, पुन्हा लावा. उरलेली वीज निघून गेली की अडकलेला बीएमसीही ताळ्यावर येतो. बऱ्याच वेळा काम इथेच संपतं. तरीही लॉग आधी काढलेला असावा, हे वर सांगितलंच.

नाही झालं तर मशीन किमान अवस्थेत आणा: एक प्रोसेसर, कंपनीने सांगितलेल्या पहिल्या स्लॉटमध्ये एक डिम, एक पॉवर सप्लाय. बाकी सगळी पीसीआयई कार्डं, डिस्क, यूएसबीला लटकलेली पेन ड्राइव्हसुद्धा काढा. पोस्ट झालं तर एकेक भाग परत घालत जा, दरवेळी पोस्ट होऊ द्या. कंटाळवाणं आहे आणि मोठ्या मशीनवर एकेका पोस्टला दहा मिनिटं जातात, पण तीन भाग एकदम घातले की आपण पुन्हा अंदाजावर येतो. अडकलेल्या ठिकाणचा पोस्ट कोड बीएमसीत दिसतो, तो टिपून ठेवा. दरवेळी तारीख आणि बायोसच्या सेटिंग उडत असतील तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला.

कार्डांबद्दल एकच गोष्ट. नेटवर्क किंवा एचबीए (डिस्कशी जोडणारं) कार्ड दिसतंय पण मंद आहे, असं असेल तर पीसीआयई लिंकची रुंदी बघा. सोळा लेनचं कार्ड आठवर किंवा चारवर जुळलेलं असलं की आधी ते काढून, सोन्याची पट्टी तपासून, नीट बसवा. नेटवर्कवर सीआरसी एरर (वाटेत बिघडलेला डेटा) वाढत असतील तर आधी फायबरचं टोक पुसा, मग एसएफपी (फायबर जिथे लागते ते मॉड्यूल) बदला, कार्ड शेवटी.

## फर्मवेअर

फर्मवेअरबद्दल दोन टोकं दिसतात. एक म्हणजे 'चालतंय ना, मग हात लावू नका'. दुसरं म्हणजे आवृत्ती आली की त्याच रात्री सगळीकडे. दोघांनाही शहाणं करणारी उदाहरणं आहेत.

नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने जाहीर केलं की त्यांच्या काही सॅस एसएसडी ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तासांनी, निकामी होतील आणि डेटाही परत मिळणार नाही. उपाय एकच, त्याआधी फर्मवेअर बदलणं. मार्च २०२० मध्ये तशीच दुसरी सूचना आली, या वेळी ४०,००० तासांची. यातली खरी मेख अशी की एका रेडमधल्या डिस्क बहुधा एकाच दिवशी चालू झालेल्या असतात. तास एकदम भरले की सगळ्या एकदम जाणार, आणि मग हॉट स्पेअरही (तयार ठेवलेली राखीव डिस्कही) कामाला येत नाही. ज्यांनी डिस्कच्या फर्मवेअरकडे कधी पाहिलंच नव्हतं त्यांना हे कळायला मार्ग नव्हता.

उलट बाजूने जानेवारी २०१८. स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीवरचा मायक्रोकोड (प्रोसेसरचं फर्मवेअर) घाईने आला, मशीन अधूनमधून आपोआप रीबूट होऊ लागली आणि २२ जानेवारीला खुद्द इंटेलने सांगितलं की तो लावणं थांबवा.

माझी पद्धत मधली आहे. डेटा जाण्याची सूचना किंवा चालू हल्ला असेल तर लगेच. बाकी सगळं तिमाहीला एकदा, कंपनीच्या एकत्र तपासलेल्या बंडलमधून: एचपीईचं सर्व्हिस पॅक फॉर प्रोलायंट, लेनोवोचं अपडेटएक्सप्रेस, डेलचं सिस्टिम अपडेट. सुटे सुटे तुकडे उचलून लावले की ड्रायव्हर आणि फर्मवेअरची जोडी जुळत नाही. व्हर्च्युअलायझेशन असेल तर ती जोडी हायपरव्हायझरच्या (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सुसंगतता यादीतही बघावी लागते.

अपडेटच्या दिवशीचा क्रम साधारण असा:

१. बायोस आणि रेडच्या सेटिंग निर्यात करून ठेवा. अपडेटनंतर बूट मोड, बूट क्रम, पॉवर प्रोफाइल किंवा व्हर्च्युअलायझेशनचे पर्याय मूळ पदावर गेलेले मी पाहिले आहेत.

२. विंडोजवर बिटलॉकर (डिस्कचं एन्क्रिप्शन) असेल तर तो सस्पेंड करा. बायोस बदलला की टीपीएम या सुरक्षा चिपमधली मोजमापं बदलतात आणि मशीन रिकव्हरी की मागत बसतं. ती की त्याच मशीनवर ठेवली असेल तर मग विचारूच नका.

३. व्हर्च्युअल मशीन दुसरीकडे हलवा, होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये टाका आणि एक साधा रीबूट घ्या. ही पायरी सगळे गाळतात. मशीन मुळातच रीबूट होत नसेल तर ते अपडेटआधी कळलेलं बरं, नंतर खापर फर्मवेअरवर फुटतं.

४. आधी बीएमसी, मग बायोस, मग रेड कंट्रोलर, नेटवर्क कार्ड आणि डिस्क. कंपनीने वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळा. फार जुन्या आवृत्तीवरून थेट नवीनवर उडी चालत नाही, मधली एखादी आवृत्ती सक्तीची असते आणि ते रिलीझ नोट्सच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं.

५. स्क्रीन काळी झाली तरी वीज काढू नका. बायोस अपडेटनंतर मशीन स्वतःहून दोन-तीनदा रीस्टार्ट होतं, मेमरी ट्रेनिंग नव्याने करतं. घड्याळ लावून अर्धा तास थांबा. मात्र सीपीएलडीचं (मदरबोर्डवरच्या एका नियंत्रक चिपचं) अपडेट असेल तर शेवटी केबल काढून पूर्ण वीज तोडावीच लागते, तसं नोट्समध्ये लिहिलेलं असतं.

हे सगळं आधी एका कमी महत्त्वाच्या मशीनवर करा आणि आठवडाभर बघा, मग बाकीच्यांकडे वळा.

सुरक्षित बूटसाठी मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये दिलेल्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते. नवी प्रमाणपत्रं यूईएफआयच्या (बायोसच्या आजच्या रूपाच्या) यादीत आली आहेत का, हे जुन्या सर्व्हरवर मुद्दाम तपासा.

आणि बीएमसीला कधीही उघड्या इंटरनेटवर ठेवू नका. २०१७ मध्ये आयएलओ ४ मध्ये अशी त्रुटी सापडली की एका हेडरमध्ये २९ वेळा 'ए' हे अक्षर पाठवलं की पासवर्डशिवाय आत शिरता येत होतं. २.५३ आवृत्तीत ती बुजवली. आयपीएमआयच्या दुसऱ्या आवृत्तीत तर पासवर्डचा हॅश लॉगिनआधीच समोरच्याच्या हाती लागतो आणि हे मानकातच बसलेलं असल्याने त्यावर पॅच येऊ शकत नाही. व्यवस्थापनाचं व्हीलॅन (नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा) वेगळं ठेवा, मूळ पासवर्ड बदला आणि वापरत नसाल तर नेटवर्कवरचं आयपीएमआय, म्हणजे यूडीपीचं ६२३ पोर्ट, बंद करा.

## भाग बदलल्यानंतर

नवीन डिम, डिस्क किंवा कार्ड कोणत्या फर्मवेअरने आलंय ते बघा. बदलीचा भाग बहुधा गोदामात वर्षभर पडलेला असतो. मदरबोर्ड बदलला असेल तर यादी मोठी आहे: सीरियल क्रमांक किंवा सर्व्हिस टॅग पुन्हा टाकणं, बीएमसीचं लायसन्स, टीपीएम नवा असल्याने बिटलॉकर, आणि नेटवर्कचे मॅक पत्ते. हे पत्ते बदलल्यावर डीएचसीपीतलं (आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेतलं) आरक्षण चुकतं आणि मशीन उभं राहूनही कोणाला सापडत नाही. मग लोक पुन्हा केबल बदलत बसतात.

आता इव्हेंट लॉग क्लिअर करा, म्हणजे यापुढची पहिली नोंद नवीन असेल. काढलेल्या भागावर चिकटपट्टीचा तुकडा लावून मशीनचं नाव, स्लॉट आणि तारीख लिहा. परत पाठवायच्या डब्यात चांगलं डिम आणि टेबलावर खराब डिम अशी गफलत वाटते तितकी दुर्मीळ नाही.